एडब्ल्यूएस एसडीके व्ही-थ्रीने एस-थ्रीवर फाइल अपलोड: काम चोख, पण काही बिघडलं की तोंडात मिठाची गुळणी

जावास्क्रिप्टमधून क्लाउडवर फाइल्स टाकायच्या म्हटलं की बरेच जण फिरून फिरून ॲमेझॉनच्या एस-थ्री या फाइल साठवायच्या सेवेपाशीच येतात, आणि तिथे हातात पडते ती ॲमेझॉनच्या क्लाउडसाठीची लायब्ररी, एडब्ल्यूएस एसडीके फॉर जावास्क्रिप्ट, व्हर्जन थ्री. मी ही लायब्ररी नोडमध्येही (म्हणजे सर्व्हरवरच्या जावास्क्रिप्टमध्ये) वापरतो आणि ब्राउझरमध्येही, छोट्या फोटोंपासून ते कित्येक जीबीच्या व्हिडिओंपर्यंत सगळं तिच्यातून गेलंय, त्यामुळे कोणी विचारलं "घेऊ का?" तर घ्या बिनधास्त, पण नक्की कुठलं पॅकेज घ्यायचं ते आधी बघा कारण अर्धा गोंधळ तिथेच सुरू होतो. आणि एक गोष्ट आत्ताच सांगून टाकतो, या लायब्ररीतली सगळ्यात चांगली चीज जी आहे ना, ती नेमकी त्या पद्धतीत चालत नाही जी ब्राउझरसाठी सगळे सुचवतात. त्यावर खाली सविस्तर येतोच.

आधी जुन्याबद्दल थोडंसं. आधीचं व्हर्जन, म्हणजे व्ही-टू, अजून कितीतरी प्रोजेक्टमध्ये आरामात नांदतंय, एकच भलंमोठं पॅकेज, त्यात सगळ्या सर्व्हिसेस, वर एक ग्लोबल कॉन्फिग, आणि डॉट प्रॉमिस लावून काम भागायचं. वापरायला सोपं होतं हे मान्यच करायला पाहिजे. पण सप्टेंबर २०२४ मध्ये ते मेंटेनन्स मोडमध्ये गेलं आणि ८ सप्टेंबर २०२५ ला त्याचा सपोर्टच संपला, म्हणजे आता तिथे नवीन काही येणार नाही, सिक्युरिटीचे पॅच पण नाहीत. व्ही-थ्री डिसेंबर २०२० पासून सगळ्यांसाठी खुलं आहे, त्यामुळे "अजून कच्चं असेल" ही सबब आता चालत नाही.

व्ही-थ्रीत सगळं तुकड्यातुकड्यात आहे. क्लायंट-एस-थ्री नावाचं पॅकेज म्हणजे पाया, एस-थ्रीची प्रत्येक एपीआय कॉल तिथे एक कमांड म्हणून मिळते, तुम्ही क्लायंट बनवायचा, कमांडचं ऑब्जेक्ट बनवायचं आणि सेंड म्हणायचं. पहिल्यांदा बघितलं की वाटतं हे काय उगाच द्राविडी प्राणायाम, पण याचा फायदा असा की बंडलरला (कोड एकत्र बांधणाऱ्या टूलला) न वापरलेल्या कमांड काढून टाकता येतात आणि ब्राउझरमध्ये पाठवायचा कोड व्ही-टूच्या मानाने बराच कमी होतो. तरी पण फार लहान होतो असं समजू नका, सही करणं, रीट्राय, एक्सएमएल वाचणं हे सगळं सामान बरोबर येतंच. मोठ्या फाइल्ससाठी लिब-स्टोरेज वेगळं, प्रिसाइन्ड युआरएलसाठी (आधीच सही करून दिलेल्या, मुदतीच्या लिंकसाठी) प्रिसाइनर वेगळं, आणि फॉर्म-पोस्टसाठी अजून एक वेगळंच. नवीन माणूस क्लायंट-एस-थ्री टाकतो, पुट-ऑब्जेक्ट कमांड सापडते, लोकल फाइलवर काम होतं, खूश होतो. आणि मग खरा डेटा येतो.

पुट-ऑब्जेक्टचं असं आहे की त्याला फाइलचा आकार आधी कळावा लागतो. बफर (मेमरीत पूर्ण घेतलेला डेटा) दिला तर तो मोजतो, डिस्कवरच्या फाइलचा स्ट्रीम (थोडा थोडा येत जाणारा डेटा) दिला तरी साइझ काढू शकतो, पण समजा तुम्ही दुसऱ्या सर्व्हरवरून काहीतरी डाउनलोड करत करत तसंच पुढे एस-थ्रीकडे ढकलताय, किंवा फाइल जीझिप करत करत पाठवताय, तर एकूण बाइट किती हे त्याला ठाऊकच नसतं. मग रिक्वेस्ट जाते तुकडे-तुकडे पद्धतीच्या हेडरने, आणि बऱ्याचदा एस-थ्री उत्तर काय देतं तर "नॉट इम्प्लिमेंटेड", तुम्ही दिलेल्या हेडरमधून जी सोय सूचित होते ती इथे नाही. कुठला हेडर? तुम्ही तर कुठलाच हेडर दिलेला नाही! यात "बाबा रे, कंटेंट-लेंथ दे" एवढं एक वाक्य घातलं असतं तर किती लोकांची संध्याकाळ वाचली असती. या लायब्ररीचा स्वभाव या एका एररमध्ये पूर्ण दिसतो. सगळं सुरळीत असेल तर पत्ता लागत नाही की ती आहे, आणि बिघडलं की ताकास तूर लागू देत नाही.

यावर उपाय आहे लिब-स्टोरेजमधला अपलोड क्लास, आणि माझ्या मते पूर्ण एसडीकेतली ही सगळ्यात विचारपूर्वक केलेली गोष्ट. याला काहीही द्या, बफर, स्ट्रिंग, ब्लॉब, ब्राउझरमधली फाइल, नोडचा स्ट्रीम ज्याची लांबी कोणालाच माहीत नाही, तो स्वतः ठरवतो काय करायचं. ५ एमबीच्या आत बसली तर सरळ एक पुट करून मोकळा होतो, त्यापेक्षा मोठी निघाली तर मल्टिपार्ट, म्हणजे तुकडे करून पाठवणं. तुम्हाला फक्त क्लायंट, बकेट (एस-थ्रीतला फाइल्स ठेवायचा डबा), की (फाइलचं नाव) आणि बॉडी (खुद्द डेटा) द्यायची, शेवटी डन म्हणायचं आणि प्रॉमिसची वाट बघायची.

आत नक्की काय होतं ते एकदा ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये उघडून बघाच, सगळं डोळ्यासमोर उलगडतं. समजा २०० एमबीची फाइल आहे. सुरुवातीला एक छोटी पोस्ट रिक्वेस्ट जाते जिच्या शेवटी नुसतं अपलोड्स असं लिहिलेलं असतं, तिच्या उत्तरात एक लांबलचक अपलोड-आयडी येतो. मग चार पुट एकदम सुटतात, पार्ट नंबर १, २, ३, ४, प्रत्येकात ५ एमबी, यातली एखादी संपली की लगेच पाचवी सुरू, मग सहावी, संपण्याचा क्रम कसाही असो, ७ नंबर ५ च्या आधी संपला तरी बिघडत नाही. प्रत्येक पार्टच्या उत्तरात ईटॅग नावाचा हेडर येतो, त्या पार्टची पावतीच म्हणा, तो लायब्ररी जपून ठेवते. असे ४० पार्ट झाले की शेवटची एक पोस्ट जाते, तिच्या पोटात ४० नंबर आणि ४० ईटॅगची यादी असते, आणि ती पोचून मंजूर झाली की मगच बकेटमध्ये फाइल दिसायला लागते. तोपर्यंत बाहेरून बघणाऱ्याला काहीच नाही, अर्धवट फाइल कधीच कोणाच्या हाती लागत नाही. हे मला फार आवडतं.

त्या शेवटच्या पोस्टमध्ये पण एक गंमत आहे. फाइल मोठी असली की तुकडे जोडायला एस-थ्रीला वेळ लागू शकतो, म्हणून ते आधी २०० ओके (म्हणजे 'झालं') पाठवून देतं, कनेक्शन तुटू नये म्हणून मधे मधे रिकाम्या जागा पाठवत राहतं, आणि मग काम फसलं तर त्याच २०० च्या पोटात एरर घालून देतं. स्वतः फेच (जावास्क्रिप्टची रिक्वेस्ट पाठवायची सोय) वापरून मल्टिपार्ट लिहिणारे इथे हमखास फसतात, २०० बघितला की झालं म्हणून पुढे जातात. एसडीके मात्र उत्तर उघडून बघते आणि तिला एरर दिसली तर एररच देते. लायब्ररी का वापरायची याचं एकच कारण मागितलं तर मी हे सांगेन.

आता आकडे बघू कारण डिफॉल्टवर डोळे झाकून राहिलात तर कधीतरी भिंतीला धडकाल. पार्टसाइझ डिफॉल्ट ५ एमबी, एस-थ्रीची किमान मर्यादा पण तीच (शेवटचा पार्ट कितीही लहान चालतो), क्यूसाइझ डिफॉल्ट ४, म्हणजे एकावेळी चार पार्ट वाटेवर. आणि एस-थ्री एका अपलोडमध्ये १०,००० च्या वर पार्ट घेत नाही. गुणाकार करा, ५ एमबी गुणिले १०,००० म्हणजे साधारण ४९ जीबीच्या आसपास गाडी थांबते, आणि स्ट्रीमची लांबी आधी माहीत नसेल तर हे कळतं कधी, तर ४९ जीबी पाठवून झाल्यावर! डेटाबेसचे बॅकअप, मोठाल्या लॉगच्या टार फाइल्स असलं काही असेल तर पार्टसाइझ सरळ वाढवून ठेवा. पण मग दुसरी बाजू बघा, हे पार्ट मेमरीत धरले जातात. ४ गुणिले ५ म्हणजे २० एमबी, काही नाही. पण कोणी उत्साहात पार्टसाइझ १०० एमबी आणि क्यूसाइझ ८ केली की एका अपलोडला ८०० एमबी, असे तीन अपलोड एकदम आले की छोट्या कंटेनरचा कारभार आटोपला. आणि क्यूसाइझ वाढवून वेग वाढतोच असं नाही हे पण सांगतो, तुमची अपलोडची लाइनच अरुंद असेल तर चारऐवजी सोळा रिक्वेस्ट त्याच लाइनीत चेंगरतात आणि टाइमआउट व्हायला लागतात. सर्व्हरवरून, बकेटच्याच रीजनमधून (ॲमेझॉनच्या त्याच भागातल्या डेटा सेंटरमधून) पाठवत असाल तर मात्र क्यूसाइझ वाढवल्याचा फरक स्पष्ट दिसतो.

अपलोड मधेच फसला तर लीव्ह-पार्ट्स-ऑन-एरर नावाचं ऑप्शन आहे, डिफॉल्ट फॉल्स, म्हणजे लायब्ररी जाता जाता अॅबॉर्ट पाठवून तुकडे साफ करून जाते. शहाणी आहे. पण साफ करायला ती जिवंत तर हवी ना, यूजरने टॅब बंद केला, लॅपटॉप मिटला, सर्व्हर रीस्टार्ट झाला, तर ते तुकडे बकेटमध्ये तसेच पडून राहतात आणि त्यांचे पैसे लागत राहतात. वाईट म्हणजे ते साध्या फाइलच्या यादीत दिसत पण नाहीत, त्यामुळे बकेट उघडून बघितली तर सगळं लखलखीत आणि बिलात मात्र आकडा वाढतोय. यासाठी बकेटवर लाइफसायकल रूल लावायचा, अपुरे मल्टिपार्ट अपलोड अमुक दिवसांनी काढून टाक म्हणून, दोन मिनिटांचं काम आहे. ही लायब्ररी वापरणाऱ्या प्रत्येकाने पहिल्याच दिवशी करावं असं, आणि लिब-स्टोरेजच्या रीडमीत मोठ्या अक्षरात असायला हवं होतं असं.

आता ब्राउझर. इथे रिव्ह्यू जरा कडू होतो.

ब्राउझरमध्ये कायमच्या अॅक्सेस की (खात्याच्या किल्ल्या) ठेवायच्या नाहीत हे सांगायला नको, जावास्क्रिप्ट फाइल कोणीही उघडून वाचू शकतो. म्हणून सगळीकडे सल्ला एकच, बॅकएंडवर प्रिसाइन्ड युआरएल बनवा, फ्रंटएंडला द्या, फ्रंटएंड साधं पुट मारेल. सल्ला उत्तम आहे, प्रिसाइनर पॅकेज पण छान आहे, एक फंक्शन, आत क्लायंट आणि कमांड द्या, बाहेर युआरएल. मुदत दिली नाही तर ९०० सेकंद, जास्तीत जास्त ७ दिवस. (यात एक खोच आहे, बॅकएंड जर तात्पुरत्या क्रेडेन्शियल्सवर, म्हणजे थोड्या वेळापुरत्या किल्ल्यांवर, चालत असेल, आणि रोल लावून चालणारं जवळपास सगळं तसंच असतं, तर ती क्रेडेन्शियल्स मेली की युआरएल पण मेली, तुम्ही मुदत ७ दिवस लिहिली असली तरी.) पण प्रिसाइन्ड युआरएल म्हणजे एक युआरएल, एक रिक्वेस्ट. आणि आपला तो गुणी अपलोड क्लास? त्याला क्लायंट लागतो, क्लायंटला क्रेडेन्शियल्स लागतात. म्हणजे प्रिसाइन्डच्या वाटेने गेलात की तुकडे करणं, चार-चार पाठवणं, फसलेला पार्ट परत पाठवणं हे सगळं तुमच्या डोक्यावर, लायब्ररी हात वर करते. एका पुटला ५ जीबीची मर्यादा आहे त्यामुळे तसं बघायला गेलं तर खूप काही जातं, पण ३ जीबीचा व्हिडिओ एकाच रिक्वेस्टमध्ये, घरच्या वायफायवरून, ९८ टक्क्यांवर तुटला की परत शून्यापासून, करून बघा आणि यूजर काय बोलतो ते ऐका.

मग करायचं काय? रस्ते दोन आहेत. पहिला, बॅकएंडने एसटीएसकडून (अशा किल्ल्या देणारी ॲमेझॉनची सेवा) तात्पुरती क्रेडेन्शियल्स काढून ब्राउझरला द्यायची, पण सोबत घट्ट पॉलिसी, या यूजरला याच फोल्डरमध्ये फक्त लिहिता येईल एवढीच, आणि मग ब्राउझरमध्ये खुशाल अपलोड क्लास वापरायचा. क्लायंटला क्रेडेन्शियल्सच्या जागी फंक्शन देता येतं, ते फंक्शन मुदतीची वेळ पण परत देत असेल तर मुदत संपत आली की लायब्ररी स्वतः परत मागून घेते, हे फार सुबक केलंय. कॉग्निटोचा (ॲमेझॉनची लॉगिनची सेवा) आयडेंटिटी पूल वापरणारे पण शेवटी हेच करत असतात. दुसरा रस्ता, मल्टिपार्टचा प्रत्येक पार्ट बॅकएंडवरून साइन करून घ्यायचा, आणि ते सगळं स्वतः लिहायचं नसेल तर अप्पीसारखी ब्राउझरची अपलोड लायब्ररी घ्यायची, तिच्या एस-थ्री प्लगइनमध्ये हे सगळं आहे आणि पॉज-रिझ्यूम पण आहे. मी स्वतः पहिल्या रस्त्याने जातो कारण कोड कमी लागतो. पण जिथे सिक्युरिटीवाले "ब्राउझरमध्ये कुठलीच क्रेडेन्शियल्स नकोत" म्हणून अडून बसतात तिथे दुसरा, वाद घालण्यात अर्थ नसतो.

रिझ्यूमचा विषय निघालाच आहे तर, अपलोड क्लासमध्ये तो नाहीये. अॅबॉर्ट आहे, पॉज नाही. पेज रिफ्रेश झालं की गेलं. एस-थ्रीच्या बाजूने काहीच अडचण नाही, अपलोड-आयडी आणि झालेल्या पार्टची यादी मागता येते, लिस्ट-पार्ट्स कमांड क्लायंटमध्ये आहेच, फक्त अपलोड क्लासने ते आपल्या अंगावर घेतलेलं नाही. इतकं सगळं करून हे का सोडलं देव जाणे.

प्रोग्रेस बारचं पण ऐका. अपलोड क्लासला एचटीटीपी-अपलोड-प्रोग्रेस नावाच्या इव्हेंटवर कान लावता येतो, लोडेड आणि टोटल मिळतात, वाटतं काम झालं. पण ब्राउझरमध्ये ही लायब्ररी फेच वापरते आणि फेच अपलोड किती झाला ते सांगतच नाही, म्हणून प्रोग्रेस पुढे सरकतो तो पार्ट संपला की. ५ एमबीच्या आतली फाइल असेल तर बार बराच वेळ शून्यावर बसतो आणि मग एकदम १००, स्लो नेटवर यूजरला वाटतं हँग झालं आणि तो परत बटण दाबतो. एक्सएचआर-एचटीटीपी-हँडलर म्हणून अजून एक पॅकेज आहे, क्लायंट बनवताना ते रिक्वेस्ट हँडलर म्हणून द्यायचं, मग बार नीट बाइट-बाइटने सरकतो. चालतं अगदी व्यवस्थित, पण याची माहिती अशी कोपऱ्यात आहे की कोणी बोट दाखवल्याशिवाय सापडत नाही.

कॉर्सवर (ब्राउझरने दुसऱ्या साइटचं काय वाचू द्यायचं त्याचे नियम) फार लिहीत नाही, पण ईटॅग एक्सपोझ करायला विसरू नका. बकेटच्या कॉर्स कॉन्फिगमध्ये एक्सपोज-हेडर्समध्ये ईटॅग नसेल तर ब्राउझर तो जावास्क्रिप्टला दाखवत नाही, पार्ट तर पोचतात पण त्यांची पावतीच वाचता येत नाही, आणि मल्टिपार्ट कोलमडतं. छोट्या फाइल्स मस्त जातात, मोठ्या नाही, म्हणून लोक पार्टसाइझशी झटापट करत बसतात. या बाबतीत लायब्ररीने निदान मेसेज बरा दिलाय, ईटॅग दिसत नाही म्हणून सांगते. असं बाकी ठिकाणी केलं असतं तर!

कारण बाकी ठिकाणी काय चालतं ते बघा. सिग्नेचर-डझ-नॉट-मॅच: यात सिक्रेट की चुकलेली असू शकते, प्रिसाइन करताना एक कंटेंट-टाइप आणि पाठवताना दुसरा असू शकतो, मधल्या प्रॉक्सीने हेडर बदललेला असू शकतो, मेसेज सगळ्याला एकच. रीजन चुकला तर ३०१ सारखं काहीतरी येतं, पर्मनंट रीडायरेक्ट. जुनं उदाहरण कॉपी करून एसीएल (फाइल कोणाला वाचता येईल ती परवानगी) पब्लिक-रीड दिलं तर आता एरर येते कारण एप्रिल २०२३ पासून नवीन बकेटवर एसीएल बंद आणि पब्लिक अॅक्सेस ब्लॉक असतो, नेटवरची अर्धी उदाहरणं त्याच्या आधीची आहेत. हे सगळं एस-थ्रीचं म्हणणं आहे, लायब्ररी फक्त निरोप पोचवते, हे मला समजतं. पण निरोप पोचवताना "बहुतेक हे असेल" एवढं सांगायला काय जातं? तिला माहीत असतं ना तिने कशावर सही केली ते. तरी मेटाडेटामध्ये रिक्वेस्ट-आयडी आणि किती वेळा प्रयत्न केला ते मिळतं, ते लॉगमध्ये टाकत जा, नंतर उपयोगी पडतं. रीट्राय डिफॉल्टने एकूण तीन प्रयत्न आहे आणि तो चांगला चालतो, पार्टच्या पातळीवर चालतो म्हणून मोठ्या अपलोडमध्ये मधला छोटा झटका कळून पण येत नाही.

जानेवारी २०२५ चा किस्सा सांगितल्याशिवाय हा रिव्ह्यू पुरा होणार नाही. व्हर्जन ३.७२९ मध्ये त्यांनी प्रत्येक अपलोडला आपोआप सीआरसी-३२ चेकसम (डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा) लावायला सुरुवात केली. हेतू एकदम चांगला, वाटेत डेटा बिघडला तर पकडला जावा. पण ही लायब्ररी नुसती ॲमेझॉनसाठी वापरली जात नाही, एस-थ्रीची एपीआय बोलणारे इतर कितीतरी स्टोरेजवाले आहेत आणि तिथे हीच एसडीके एंडपॉइंट (सर्व्हरचा पत्ता) बदलून चालवतात, त्यातल्या अनेकांना हे नवीन हेडर समजेनात. आमच्याकडे पण एका अशाच स्टोरेजवर कोडची एक ओळ न बदलता, नुसतं पॅकेज अपडेट होऊन अपलोड बंद पडले होते, आणि त्या स्टोरेजच्या सपोर्टकडून उत्तर काय तर तुमची क्रेडेन्शियल्स तपासा. यावर तोड म्हणजे क्लायंट बनवताना रिक्वेस्ट-चेकसम-कॅल्क्युलेशन हे व्हेन-रिक्वायर्ड करायचं. प्रिसाइन्ड पुट युआरएल बनवताना पण हे करून ठेवलेलं बरं, कारण युआरएल बनते तेव्हा फाइल हातात नसते, मग रिकाम्या बॉडीचा चेकसम युआरएलमध्ये चिकटून येऊ शकतो आणि खरी फाइल पाठवली की जुळत नाही. मायनर व्हर्जनमध्ये डिफॉल्ट वागणूक बदलणं हे मला पटलेलं नाही, आजही नाही.

छोट्या छोट्या फाइल्स हजारोंनी पाठवायच्या असतील तर अपलोड क्लासचा काही उपयोग नाही, तिथे पुट-ऑब्जेक्टच बरा, पण सगळ्या प्रॉमिस-ऑलमध्ये एकदम सोडू नका. नोडमध्ये डिफॉल्टने ५० सॉकेट (एकावेळची कनेक्शन) असतात, बाकीच्या रिक्वेस्ट रांगेत उभ्या राहतात आणि लायब्ररी लॉगमध्ये सॉकेट भरले म्हणून इशारा टाकते. एक छोटी क्यू स्वतः लावा, आणि क्लायंट एकदाच बनवून सगळीकडे तोच वापरा, दर रिक्वेस्टला नवीन क्लायंट बनवणारा कोड मी बऱ्याच ठिकाणी बघितलाय आणि तिथे कनेक्शन परत परत उघडण्यातच अर्धा वेळ जातो. कंटेंट-टाइप पण द्यायचा, नाहीतर इमेज उघडण्याऐवजी डाउनलोड होत बसते. आणि बाहेरच्या लोकांकडून फाइल्स घेत असाल तर प्रिसाइन्ड पुटऐवजी प्रिसाइन्ड पोस्ट बघा, त्यात साइझची कमाल-किमान मर्यादा पॉलिसीतच लिहिता येते, आणि कोणी १० एमबीच्या जागी ४ जीबी ढकलायला गेला तर एस-थ्रीच अडवतं.

टाइपस्क्रिप्टवाल्यांची चंगळ आहे, टाइप्स अगदी बारकाईने दिलेत, एडिटरमध्ये डॉट दाबलं की सगळं समोर. एकच त्रास, जवळपास सगळं "अनडिफाइन्ड असू शकतं" म्हणून लिहिलंय, अपलोड-आयडी पण, त्यामुळे "हे आहेच" असं सांगणाऱ्या उद्गारचिन्हांचा सडा पडतो कोडमध्ये.

व्हर्जनचं शेवटचं. कामाच्या दिवशी जवळजवळ रोज नवीन रिलीज येते, त्यामुळे क्लायंट-एस-थ्री आणि लिब-स्टोरेज कायम एकाच नंबरवर ठेवा, एक पुढे गेलं आणि दुसरं मागे राहिलं की टाइपस्क्रिप्ट असली चमत्कारिक भांडणं काढतं की क्लायंटच क्लायंट नाही म्हणतं. जुन्या नोडवर असाल तर अपडेट करण्याआधी बघून घ्या, नोड १६ चा सपोर्ट जानेवारी २०२५ मध्ये काढलाय. लॉकफाइल (पॅकेजचे नेमके व्हर्जन नंबर नोंदणारी फाइल) पक्की ठेवा, अपडेट ठरवून करा, आणि अपडेट केल्यावर टेस्टमध्ये ५ एमबीपेक्षा मोठी एक फाइल असू द्या, कारण टेस्टमधली ती नेहमीची चार केबीची फाइल मल्टिपार्टच्या रस्त्याला कधी जातच नाही.